पासंग

सोलापूरला समुद्र नाही, तरी
माझ्या वहीत किनाऱ्यावरची सात गावं आहेत.
वैशाखात एकदा फेरी मारायची.
डब्यात कानस, शिसं, हातोडी,
गाडीच्या मागं दोरीनं बांधलेली
पितळी वजनं, किलोपासून छटाकभर पोरापर्यंत,
खड्ड्याखड्ड्याला एकमेकांशी भांडणारी.

टेंभुर्णीपर्यंत हायवे. मग उसाच्या ट्रॉल्यांनी
खाल्लेला रस्ता. मग रस्ताच नाही.
गेल्या साली पाण्याला टेकवून गाडी लावली होती
तिथं आता गाळपेरीची कलिंगडं.
पाणी कुठाय, विचारलं,
तर पोरानं नुसती हनुवटी पुढं केली.
इथला किनारा चालता आहे.
उन्हाळ्यात मैलभर लांब जाऊन बसतो
आणि भाद्रपदात न कळवता दारात येतो.

पहिल्या गावात काटे तीन.
दोन गंजके, एक बटणाचा, त्याला माझी गरज नाही.
त्यावर जिती वाम टाकली,
ती वळवळली तसे आकडे येड्यासारखे पळाले,
चारशे दहा, पाचशे तीस, तीनशे नव्वद.
बाई म्हणाली, मरू द्या की ओ तिला आधी,
मग खरं सांगंल.

दुपारचं जेवण रामचलित्तर सहनीच्या ताडपत्रीखाली.
दरभंग्याचा माणूस, नऊ वर्षं इथं,
मराठी बोलतो ती थेट करमाळ्याची.
चिलापी त्याची, शेंगाचटणी माझी.
थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकतो,
पाय पाण्यात.
पोहता येतं का, विचारलं.
आता काय विचारता, म्हणाला, आणि हात धुतला.

द्वारकाबाई मल्लावांचा काटा शेवटी.
दांडीचा, दोन पारड्यांचा, माझ्या बापाच्या वयाचा.
डाव्या पारड्याखाली चिंधीत बांधलेला दगड.
पासंग, मावशी, चालत नाही कायद्यानं.
काढावा लागंल.
ती उठली. चल, म्हणाली.

सुकल्या गाळातनं, शिंपल्यांवरनं, करकर करत.
पाणी हटलेल्या जागी घोट्याएवढ्या भिंती,
विहिरीचं कडं, त्यात बगळा.
एका चौकोनापाशी थांबली.
हे रंगनाथचं दुकान. किराणा.
गाव उठेपर्यंत आईला इथं
किलोला पावणा किलो मिळायचा.
धरणाचा कागद आला तेव्हा
तो माल इकून पंढरपूरला गेला, काटा मी घेतला.
जन्माचा एका अंगानं झुकलेला. त्याचीच खोड.
मग ह्या उंबऱ्याचा एवढा टवका काढला
आणि बांधला.
तिनं बोट दाखवलं.
उंबऱ्याला खाच होती खरीच,
तिच्यात एक खेकडा.

परत आलो. माझी वजनं मांडली.
किलोला किलो, पावाला पाव,
दांडी जागची हलली नाही.
दगड सोडून पाहिला,
पावशेर पाप लगेच खाली बसलं.
आता दुरुस्तीवाल्यानं काय दुरुस्त करायचं?
दांडी तासली असती तर सरळ झाली असती,
तासभराचं काम, कानस हातातच होती.

कुणाच्या तरी मोबाईलवर बातम्या लागल्या होत्या.
धरण आज उणे एकतीस टक्के.
द्वारकाबाईंनी मान वर केली,
उणे म्हंजे? रिकाम्याहून कमी कसं असंल?
मी सांगायला गेलो, तळाचं पाणी, मोरीच्या खालचं,
ते मोजायचं नसतं, पण असतं.
हां, म्हणाली, मग तसं म्हणा की.
आणि मरळीचं पोट फाडायला बसली.

चिंधी जुनी झाली होती.
माझ्या टॉवेलची कड फाडली,
आपल्याच गावचा टॉवेल, अस्सल,
आणि दगड नव्यानं बांधून दिला.
मजुरी विचारली तिनं. वीस म्हणालो.
तिनं दोन मरळी पिशवीत टाकल्या, न जोखता.

वहीत लिहिलं: काटा क्रमांक सहा,
तेल दिलं, बाकी ठीक.
सहावं गाव होतं की सातवं, आठवेना.
घरी येऊन वजनं पुसताना
अर्ध्या किलोच्या बुडाला खवला चिकटलेला दिसला,
बारीक, नखाएवढा.
बायको म्हणाली, वास येतोय, घासून काढा.
काढतो, म्हणालो.